पुरलेल्या गाडीची गोष्ट

सुरुवातीच्या काळातलं मोटर रेसिंग हा पैसेवाल्यांचा खेळ. पण त्याची आठवण जपली ती महिन्याच्या एक तारखेकडे डोळे लावून बसणाऱ्या पगारदार माणसांनी. ब्रुकलँड्सचा ट्रॅक, पेंडाइनची वाळू आणि 'बॅब्स' नावाची एक गाडी यांची ही भन्नाट कहाणी.

गाडी विकतात. गाडी भंगारात काढतात. अगदीच जीव जडला असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून वर्षानुवर्षं उभी ठेवतात आणि सेक्रेटरीची बोलणी खातात. पण गाडी पुरलेली कधी ऐकलीय?

१९२७ साली वेल्समधल्या पेंडाइन गावच्या समुद्रकिनाऱ्यावर लोकांनी खरंच एक गाडी पुरली. वाळूत मोठा खड्डा खणला, मोडकी गाडी आत ढकलली आणि वर वाळू ओढली. ती काही साधीसुधी गाडी नव्हती. विमानाचं सत्तावीस लिटरचं इंजिन बसवलेली, जेमतेम वर्षभरापूर्वी जगातली सगळ्यात वेगवान ठरलेली गाडी. नाव बॅब्स. ती चालवणारा माणूस त्याच किनाऱ्यावर, तिच्याच स्टीअरिंगमागे गेला होता.

बेचाळीस वर्षं बॅब्स वाळूखाली होती. मग १९६९ साली एक जण तिला उकरून काढायला आला. तो ना लॉर्ड होता, ना कुठल्या कार कंपनीचा मालक. तो इंजिनिअरिंग शिकवणारा साधा लेक्चरर होता.

एफ-वनच्या रविवारी टीव्हीसमोरून न हलणारे आपल्यात बरेच आहेत. शूमाकर की हॅमिल्टन यावर कॅन्टीनमध्ये तावातावाने भांडणारेही आहेत. पण हे सगळं सुरू कसं झालं, हे विचारलं की बहुतेकांची गाडी न्यूट्रलवर येते. माझीही तिथेच होती. बॅब्सच्या मागे लागले आणि मग लक्षात आलं, की गंमत फक्त गाड्यांत नाही. ज्यांनी त्या आपल्यापर्यंत पोचवल्या, त्या माणसांत जास्त आहे.

वीस मैलांचा कायदा

गोष्ट सुरू होते लंडनजवळच्या वेब्रिजमध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्स-इटलीत रस्त्यांवर धडाक्यात शर्यती व्हायच्या. इंग्लंडमध्ये मात्र १९०३च्या कायद्याने वेगमर्यादा होती ताशी वीस मैल, म्हणजे बत्तीस किलोमीटर. पीक अवरला आपण याहून हळू जातो हे खरं, पण ते नाइलाजाने! इंग्रज गाड्या बनवणाऱ्यांना त्या जोरात पळवून बघायला जागाच नव्हती.

ह्यू लॉक किंग हा वेब्रिजचा बडा जमीनदार. १९०५ साली तो इटलीत ब्रेशियाची शर्यत पाहायला गेला. तिथे इंग्रज गाड्या नाहीत हे त्याला झोंबलं. पठ्ठ्याने परत येऊन स्वतःच्या जमिनीवर ट्रॅकच बांधायला घेतला. पावणेतीन मैलांचा वेढा, शंभर फूट रुंदी, सगळं काँक्रीट आणि वळणांवर जवळजवळ तीस फूट उंच उतार. या उताराला म्हणतात बँकिंग. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्ताच कढईच्या कडेसारखा तिरका केलेला. १७ जून १९०७ रोजी ब्रुकलँड्स उघडलं. केवळ मोटरींच्या शर्यतीसाठी बांधलेला असा ट्रॅक जगात त्याआधी नव्हता.

खर्च आला दीड लाख पौंडांच्या घरात. त्या काळी! लॉक किंग कर्जात बुडाला, आजारी पडला. मग त्याची बायको एथेल हिने सूत्रं हाती घेतली आणि प्रोजेक्ट तडीस नेला. उद्घाटनाच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढची गाडीही तीच चालवत होती. पण गंमत बघा, १९०८ साली इथे बायकांची एक शर्यत झाली, म्युरिएल थॉम्पसनने ती जिंकली आणि त्यानंतर बरीच वर्षं ब्रुकलँड्सने बायकांना शर्यतीत उतरू दिलं नाही. ज्या ट्रॅकला एका बाईने तारलं, त्याच ट्रॅकवर!

मोटररेस कशी घ्यायची हे तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं. मग त्यांनी सरळ घोड्यांच्या शर्यतीचे नियम उचलले. ड्रायव्हर ओळखू यावेत म्हणून जॉकीसारखे रंगीत डगले. गाड्या उभ्या करायच्या जागेला पॅडॉक. हा शब्द एफ-वनमध्ये आजही आहे. बुकी होते. हँडिकॅप होता, म्हणजे हळू गाडीला आधी सोडायचं आणि वेगवान गाडीला मागून. थोडक्यात, महालक्ष्मीचं रेसकोर्स, फक्त घोड्यांच्या जागी धूर ओकणारी धुडं. जाहिरातीतलं घोषवाक्यही तसलंच होतं. इथे योग्य तीच मंडळी येतात आणि गर्दी होत नाही, असा त्याचा मतलब. आपण त्या 'योग्य' मंडळींत बसलो असतो का, याचा विचार करून पाहा.

उद्घाटनाला दोन आठवडेही झाले नव्हते, तोवर सेल्विन एज नावाच्या ड्रायव्हरने नेपिअर गाडी तिथे सलग चोवीस तास चालवली. १,५८१ मैल! म्हणजे अडीच हजार किलोमीटरांच्या वर. आसपासच्या बंगलेवाल्यांची मात्र झोप उडाली आणि त्यांनी असा काही आरडाओरडा केला की रात्रीचं रेसिंग कायमचं बंद पडलं. पुढे १९२९ साली चोवीस तासांची शर्यत घ्यायची ठरली तेव्हा ती बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत वाटावी लागली. रात्री गाड्या कुलपात. आवाज दाबणारा भलामोठा सायलेन्सरही सक्तीचा झाला. शेजाऱ्यांपुढे कुणाचंच चालत नाही, बॉस.

सव्वाशे पौंडांचं सेकंडहँड धूड

ब्रुकलँड्सच्या हिरोंमध्ये काउंट लुई झ्बोरोव्स्की हा अस्सल हिरो होता. गडगंज इस्टेट, केंट परगण्यात हायम पार्क नावाचा प्रासाद आणि वेगाचं वेड. बाप १९०३ साली शर्यतीत मेलेला, तरी पोराला तोच नाद. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची इंजिनं स्वस्तात मिळू लागली होती. या गड्याने ती आणून गाडीच्या सांगाड्यावर बसवायला सुरुवात केली. त्याच्या एका गाडीचं नाव होतं 'चिटी बँग बँग'. जेम्स बॉण्डच्या इयान फ्लेमिंगने लहान मुलांसाठी उडत्या गाडीची गोष्ट लिहिली, तिचं नाव इथूनच आलं.

झ्बोरोव्स्कीची शेवटची मोठी गाडी म्हणजे 'हायम स्पेशल'. तिला अमेरिकन लिबर्टी विमानाचं बारा सिलिंडरांचं, सत्तावीस लिटरचं इंजिन. आपल्या साध्या हॅचबॅकचं इंजिन असतं एक-सव्वा लिटरचं. म्हणजे वीसेक हॅचबॅक एका बॉनेटखाली! मागच्या चाकांना ताकद पोचवायला सायकलसारख्या, पण मनगटाएवढ्या जाडजूड साखळ्या. ही गाडी पुरती पळवायच्या आधीच, १९२४ साली, काउंट मोंझाच्या शर्यतीत गेला.

आता एंट्री जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस यांची. वेल्समध्ये जन्मलेला, हाडाचा इंजिनिअर. लेलँड मोटर्समध्ये चीफ इंजिनिअर होता. म्हणजे आपल्याच जातकुळीतला: डेस्क, ड्रॉइंगबोर्ड आणि पगार. कंपनीसाठी त्याने एक अफलातून महागडी गाडी डिझाइन केली, 'लेलँड एट'. ती मोजकीच बनली. पण ती ब्रुकलँड्सवर पळवता पळवता साहेबांना चटक लागली आणि त्यांनी चक्क नोकरी सोडली. मुक्काम हलवला तो थेट ट्रॅकच्या आतल्या एका बंगलीत. रेसिंग सूट-बिट काही नाही. अंगात नक्षीदार लोकरी स्वेटर, बाजूला हत्यारांचं कपाट आणि उशाशी काँक्रीट. 'पॅशन फॉलो करा' म्हणून आपल्याला ट्रेनिंगमध्ये सांगतात ना, ते या माणसाने १९२०च्या दशकात करून दाखवलं.

काउंटच्या मागे राहिलेली हायम स्पेशल त्याने विकत घेतली सव्वाशे पौंडांना. जगातल्या सगळ्यात वेगवान गाडीचा कच्चा माल, सेकंडहँड! मग तिला उघडली, पिस्टन-कार्ब्युरेटरपासून बॉडीपर्यंत हवे ते बदल केले आणि नवं नाव दिलं, बॅब्स.

सात मैल वाळू

ब्रुकलँड्सचं वळण कितीही तिरकं केलं तरी ते वळणच. जागतिक वेगाच्या विक्रमासाठी हवा लांबलचक सरळ रस्ता. तो पेंडाइनला होता. सात मैलांची सपाट पुळण, ओहोटी लागली की ओली वाळू कडक होते. भरती यायच्या आत काम उरकायचं.

२७ एप्रिल १९२६ रोजी पॅरी-थॉमसने बॅब्स तिथे पळवली: ताशी १६९ मैल. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचाच विक्रम मोडला: १७१.०२ मैल, म्हणजे ताशी २७५ किलोमीटर. उघड्या कॉकपिटमध्ये, हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, कानाशी साखळ्यांचा खडखडाट.

पण विक्रम म्हणजे भाड्याचं घर. ४ फेब्रुवारी १९२७ रोजी माल्कम कॅम्पबेलने त्याच वाळूवर, त्याच्या ब्लूबर्ड गाडीत १७४.८८ मैलांचा वेग गाठला. फरक चार मैलांचा. पॅरी-थॉमस महिन्याभरात बॅब्स घेऊन परत पेंडाइनला.

३ मार्च १९२७. बॅब्स वेगात असताना काहीतरी तुटलं. गाडी उलटली, घसरत गेली. पॅरी-थॉमस जागच्या जागी गेला. वय ४१. जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमासाठी धावताना गेलेला तो पहिला ड्रायव्हर मानला जातो. साखळी तुटून त्याला लागली असं पुढे कित्येक वर्षं मानलं जायचं.

आणि यातला सगळ्यात कडू भाग पुढेच आहे. त्यानंतर सव्वीस दिवसांनी अमेरिकेत डेटोनाला हेन्री सीग्रेव्हने ताशी २०३ मैल ओलांडले. ज्या चार मैलांसाठी एक माणूस गेला, ते महिनाभरात कुणाच्या खिजगणतीतही उरले नाहीत.

पॅरी-थॉमसला त्याच्या माणसांनी बायफ्लीटच्या चर्चमध्ये, ब्रुकलँड्सच्या अगदी जवळ, पुरलं. बॅब्सला पेंडाइनच्या वाळूत. ती कुणी पुन्हा चालवू नये, हाच भाव असणार. गावातल्या माणसांसाठी ती जागा मग नुसती वाळू राहिली नाही.

'फारसे श्रीमंत नसलेल्यांचा' क्लब

इकडे ब्रुकलँड्सचाही शेवट जवळ येत होता. ऑगस्ट १९३९मध्ये शेवटची शर्यत झाली. पुढच्या महिन्यात दुसरं महायुद्ध. ट्रॅकच्या आत विमानांचे कारखाने होतेच. आता सगळी जागाच त्यांची झाली. विमानांना वाट हवी म्हणून पुढे बँकिंग ठिकठिकाणी कापलं गेलं. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, ट्रॅकच्या मालकांनी तो विमान कंपनीला विकून टाकला. 'योग्य मंडळी' आपापल्या घरी गेली.

मग ही आठवण राहिली कुणाकडे?

१९३४ साली इंग्लंडमध्ये एक क्लब निघाला होता, व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब. तो कुणासाठी? तर 'फारसे श्रीमंत नसलेल्यांसाठी'. खरंच, त्यांनी हे उघडपणे म्हटलं होतं. नवीकोरी स्पोर्ट्स कार परवडत नाही, पण जुनी, दणकट, हाताने बनवलेली गाडी स्वस्तात मिळते आणि ती पळवायला जास्त मजा येते, असं मानणारी ही तरुण मंडळी. आज 'व्हिंटेज' शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे कोट्यवधींचा लिलाव येतो. पण त्याच्या मुळाशी बजेटची काटकसर आहे. १९३०च्या अखेरपर्यंत बनलेली ती व्हिंटेज, ही रेघही याच मंडळींची.

दुसरं नाव बिल बॉडी. हा 'मोटर स्पोर्ट' मासिकाचा संपादक, १९३६ ते १९९१. पंचावन्न वर्षं एकाच खुर्चीत! आपल्याकडे दोन वर्षांत कंपनी बदलली नाही तर लोक विचारतात, काय रे, सगळं ठीक ना? बॉडीने ब्रुकलँड्सच्या शर्यतींचा इतिहास तपशीलवार लिहून काढला. कोण जिंकलं, कोण हरलं, कुणाची गाडी कुठल्या वळणावर बंद पडली. तेव्हा ट्रॅकचा कुणाला काही उपयोग नव्हता. बँकिंगवर झाडं उगवली होती. पण तो लिहीत राहिला. २०११ साली वयाच्या ९८व्या वर्षी तो गेला, तोवर लिहितच होता. १९६७ साली ब्रुकलँड्स सोसायटी स्थापन झाली, जे उरलंय ते वाचवायला, आणि तिच्यामागे उभ्या राहिलेल्यांत तोही होता.

विचार करा, सोसायटी निघाली ती शेवटच्या शर्यतीनंतर अठ्ठावीस वर्षांनी. आणखी थोडा उशीर झाला असता तर शेवटचं काँक्रीटही वेअरहाउसखाली गेलं असतं.

उकरायचं की नाही?

आता परत पेंडाइनला. ओवेन विन ओवेन. उत्तर वेल्समधल्या केपल क्यूरिग गावचा, इंजिनिअरिंग शिकवणारा लेक्चरर. जुन्या गाड्या दुरुस्त करायचा छंद. वाळूखाली बॅब्स आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ती काढायची हे त्याने मनावर घेतलं.

काम सोपं नव्हतं. किनारा लष्कराच्या ताब्यात होता, त्यांची परवानगी हवी. पॅरी-थॉमसच्या नातलगांची संमती हवी. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, हे करावं का? विरोध झाला. जिने एका माणसाचा जीव घेतला ती गाडी त्याच्या आठवणीने पुरलेली आहे, ती तशीच राहू द्या, असं म्हणणारे होते. आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. विचारपूर्वक गाडलेली गोष्ट बेचाळीस वर्षांनी दुसऱ्याच कुणी येऊन का उकरावी? आवड आहे म्हणून? आवड हे पुरेसं कारण आहे का?

मी यावर बराच विचार केला. एक मुद्दा असा, की ती जागा पॅरी-थॉमसची कबर नव्हती. तो बायफ्लीटला आहे, दगडाखाली, नावानिशी. वाळूत होती ती त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा बांधलेली वस्तू. इंजिनिअरच्या मागे त्याचं काम उरतं. ते खाऱ्या पाण्यात सडू देणं हा त्याचा मान आहे, हे मला पटत नाही. दुसरा मुद्दा जास्त व्यावहारिक आहे. वाळूखाली आठवण टिकत नाही, फक्त दंतकथा टिकते. साखळी तुटली ही ती दंतकथा. गाडी वर आल्यावरच तिच्या अवशेषांकडे नीट बघता आलं आणि मग मागच्या उजव्या चाकाने आधी दगा दिला असावा असाही तर्क पुढे आला. मेलेल्या माणसाच्या कामाबद्दल खरं काय ते शोधणं, हीसुद्धा श्रद्धांजलीच.

तरीही विरोध करणारे चूक होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळेच ही गाडी भंगारासारखी उपसली गेली नाही. परवानगी मागावी लागली, नातलगांना विचारावं लागलं. आठवणीला हात लावायच्या आधी असं थांबावं लागणं चांगलंच.

१९६९ साली बॅब्स वर आली. समुद्राच्या पाण्याने पत्रा खाल्लेला, धातू कुजलेला. ओवेनने ती घरी नेली आणि सुमारे पंधरा वर्षं तिच्यावर काम केलं. नोकरी सांभाळून. आपल्याला शनिवारी वॉशिंग मशिनचा मेकॅनिक बोलवायचा कंटाळा येतो. इथे एक माणूस संध्याकाळी घरी येऊन विमानाचं बारा सिलिंडरांचं इंजिन जुळवतोय. अखेर ते इंजिन पुन्हा धडधडलं आणि लोकांसमोर गाडी चालवूनही दाखवली गेली.

तीच गाडी का ही?

इथे कुणीही शहाणा विचारेल, की इतके भाग नवे घातले तर ती तीच गाडी कशी? प्रश्न वाजवी आहे. आजीच्या गोधडीला दर दोन वर्षांनी नवं ठिगळ लागतं, तरी ती आजीचीच गोधडी राहते, हे माझं साधं उत्तर. पण या छंदात याहून मोठा वाद आहे. जुनी रेसिंग गाडी काचेमागे ठेवायची की पळवायची? पळवली तर झिजणार, कधीतरी मोडणार. न पळवली तर ती सुंदर आहे, पण मुकी.

ब्रुकलँड्स म्युझियमने यावर आपलं उत्तर दिलंय. त्यांच्याकडे 'नेपिअर-रेलटन' आहे. १९३३ सालची, चोवीस लिटरच्या विमानाच्या इंजिनाची गाडी. तिचं डिझाइन केलं रीड रेलटनने, जो एके काळी पॅरी-थॉमसचा सहकारी होता. जॉन कॉबने १९३५ साली या गाडीतून ब्रुकलँड्सची फेरी ताशी १४३.४४ मैलांच्या सरासरीने मारली. ट्रॅकच बंद पडल्यामुळे हा विक्रम आता कुणीच मोडू शकत नाही. ब्रेक फक्त मागच्या चाकांना! पुढे या गाडीवर विमानांच्या ब्रेक-पॅराशूटच्याही चाचण्या झाल्या. १९९७ साली ती म्युझियमकडे आली आणि तिचं इंजिन नुसतं शोभेला ठेवलेलं नाही. ते खास दिवशी सुरू करतात.

सुरू ठेवण्यामागे एक कारण आहे. हे इंजिन कसं चालू करायचं, कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला धोक्याचा, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये पुरतं उतरत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं. वीस वर्षं बंद ठेवलं तर गाडी उरेल, पण ती चालवणारा कुणी उरणार नाही.

बिझनेस पार्कमधला इतिहास

प्रोजेक्टच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये असताना एका शनिवारी मी ब्रुकलँड्सला गेले होते. राजेशाही काहीतरी बघायला मिळेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात ट्रॅकच्या जागेवर बिझनेस पार्क आहे, सुपरमार्केट आहे. म्हणजे आपल्यासारखीच माणसं गळ्यात आयकार्ड अडकवून जिथे रोज मीटिंगला जातात, तिथेच कधीकाळी गाड्या हवेत उडायच्या. अक्षरशः उडायच्या, कारण त्या काँक्रीटला पुढे उंचवटे आले होते.

बँकिंगचा उरलेला तुकडा मात्र बघण्यासारखा आहे. पायथ्याशी उभं राहिलं की ती भिंतच वाटते. काँक्रीटला तडे, फटींत शेवाळं. मी थोडं वर चढायचा प्रयत्न केला आणि बूट घसरले. या कडेवरून माणूस ताशी दोनशे तीस किलोमीटर वेगाने गेलाय, हे पायांना पटेना.

म्युझियम १९९१ साली रीतसर उघडलं. ते चालतं शेकडो व्हॉलंटिअर्सच्या जोरावर. यातले बरेच जण रिटायर झालेले. हातात कापड, बोटांना ग्रीस. प्रश्न विचारलात तर कार्ब्युरेटरपासून सुरू होतात आणि तुमची पुढची ट्रेन चुकेपर्यंत थांबत नाहीत. २०१७ साली तर यांनी ट्रॅकच्या शेवटच्या सरळ पट्ट्यावर उभा असलेला महायुद्धाच्या काळातला विमानाचा अख्खा हँगर बाजूला हलवला आणि खालचं काँक्रीट मोकळं केलं. तो हँगरही इतिहास, म्हणून तोही पाडला नाही, शेजारी उभा केला.

मुंबई-पुण्यात व्हिंटेज रॅली निघते तेव्हा आपण फुटपाथवर उभं राहून मोबाइल उंचावतो. गाडीपुढच्या पाटीवर मालकाचं नाव असतं आणि मॉडेलचं साल. पुढच्या वेळी जाल तेव्हा एक करा. गाडीच्या मागे, टूलबॉक्स घेऊन उकिडवा बसलेला एक माणूस असतो. त्याच्याशी दोन मिनिटं बोला. हा पार्ट मिळत नाही तर कुठून आणलात, एवढंच विचारा. त्याच्याकडे जे आहे ते पाटीवर नसतं.

काउंटने पैसा ओतला, इंजिनिअरने जीव लावला आणि जीव गमावला. लेक्चररने पंधरा वर्षं दिली. संपादकाने पंचावन्न. यातलं पहिलं आपल्याच्याने होणार नाही, दुसरं होऊ नये. पण उरलेल्या दोघांकडे होते फक्त वीकेण्ड आणि चिकाटी. वीकेण्ड तर आपल्याकडेही असतात.

जायचंय?

ब्रुकलँड्स म्युझियम: वेब्रिज, सरी. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून ट्रेनने साधारण अर्धा तास. बँकिंगसोबत 'टेस्ट हिल' चुकवू नका. गाड्यांची चढण्याची ताकद आणि ब्रेक तपासायला १९०९ साली बांधलेला हा चढ, शेवटच्या टप्प्यात चार फुटांना एक फूट. कॉन्कॉर्ड विमानही इथे आहे. इव्हेंटचा दिवस बघून गेलात तर इंजिनांचे आवाज ऐकायला मिळतील.

पेंडाइन: कार्मार्थनशर, वेल्स. २०२३ साली इथे 'म्युझियम ऑफ लँड स्पीड' नव्या इमारतीत उघडलं. बॅब्स अनेक वर्षं उन्हाळ्यात पेंडाइनला आणि हिवाळ्यात ब्रुकलँड्सला ठेवली जायची, तेव्हा निघण्याआधी ती कुठे आहे ते विचारून घ्या. वाळूवर चालायला जाणार असाल तर भरतीची वेळ बघा.

बायफ्लीट: सेंट मेरीज चर्च. पॅरी-थॉमस इथे आहे. ब्रुकलँड्सहून फार लांब नाही.